चटणीच्या डंकासाठी अर्ज केला आणि खाते क्रमांक दीडशे फोनांत गेला

गेल्या वर्षभरात मला ओळखीच्या कितीतरी जणींनी एकच प्रश्न विचारला. अनुदानाच्या अर्जाला एवढी कागदं लावायला लागतात, ती पुढं जातात कुठं? मला उत्तर ठाऊक नव्हतं. माझ्यावर वेळ आली तेव्हा शोधावं लागलं. जे झालं ते तारखांसकट लिहून ठेवते. कार्यालयाचं आणि योजनेचं नाव लिहिणार नाही. चूक तिथल्यांनी मान्य केली आणि दुरुस्तही केली, आणि असं कुठल्याही योजनेत होऊ शकतं.

आमचं गाव कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातलं. मी आणि सासूबाई मिळून आठ-नऊ वर्षं कांदा-लसूण चटणी करून विकतो. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, बाकीचा मसाला सासूबाईंच्या हाताचा. कुटायला मात्र दुसऱ्याच्या डंकावर, म्हणजे मिरची-मसाला कांडायच्या मशीनवर, जायचं. एप्रिल-मेमध्ये तिथं पहाटेपासून डबे रांगेत लागतात. स्वतःचं कांडप मशीन आणि भाजायचा रोस्टर घ्यायचा तर कर्ज काढायला हवं होतं, म्हणून कर्जाशी जोडलेल्या अनुदानाच्या योजनेत अर्ज करायचं ठरवलं.

अर्ज भरला ११ नोव्हेंबर २०२४ ला, सोमवारी. विधानसभेचं मतदान २० तारखेला होतं, त्यामुळे निम्मं कार्यालय निवडणुकीच्या कामात होतं. कागदपत्रं अशी: आधार, पॅन, रेशन कार्ड, घराचा उतारा, सासऱ्यांचं संमतीपत्र, वीजबिल, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पासबुकाचं पहिलं पान, जातीचा दाखला, उद्यम नोंदणी, अन्न परवान्याची नोंदणी, मशीनची कोटेशनं, फोटो. दोन संच. झेरॉक्सला ९६ रुपये गेले. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची नोंदणी, सरकारी पोर्टलवर फुकट होते, तिच्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. बारा लाखांच्या आत उलाढाल असेल तर अन्न नोंदणीची फी तेव्हा वर्षाला १०० रुपये होती.

झेरॉक्सवाल्यानं आधारचा फोटो व्हॉट्सअॅपवर मागितला. मी पाठवला. त्याच्या संगणकावर ‘आधार’ नावाचं एक फोल्डर होतं आणि त्यात कितीतरी नावं दिसत होती. ते बघून एक क्षण थांबले, पण मागं रांग होती आणि कार्यालय एकला जेवणासाठी बंद होणार होतं. तेव्हा बोलले नाही. आता मी स्वतःच्या झेरॉक्स घरून घेऊन जाते, आणि फाईल द्यावीच लागली तर काम झाल्यावर समोर उभी राहून ती पुसायला लावते. दुकानदार रागावत नाहीत. सांगितलं की पुसतात.

पुढचे दोन महिने वाट बघण्यात गेले. २ जानेवारीला जागेची पाहणी झाली. त्याआधी आम्हा सगळ्या अर्जदारांचा एक व्हॉट्सअॅप गट केला होता, सूचना देण्यासाठी.

१७ जानेवारी २०२५, शुक्रवार. संध्याकाळी भाकऱ्या चालल्या होत्या आणि फोन सारखा वाजत होता. हात पुसून बघितलं तर गटावर एक पीडीएफ आली होती, ‘पडताळणीसाठी यादी, चूक असल्यास कळवावे’. उघडली. दीडशेच्या आसपास नावं. रकाने असे होते: अनुक्रमांक, नाव, गाव, मोबाईल, आधार क्रमांक, बँक खाते क्रमांक, आयएफएससी, प्रवर्ग, मागणी केलेली रक्कम, शेरा. आधारचे बाराच्या बारा आकडे. माझं नाव शोधलं. शेऱ्यात लिहिलं होतं, ‘घर सासऱ्यांच्या नावे’. ते वाचून काही वाटलं नाही. पण वरच्या ओळीत एका बाईच्या नावापुढं ‘विधवा’ होतं आणि खाली एकीपुढं ‘सिबिल कमी, नामंजूर’, म्हणजे कर्जफेडीचे गुण कमी. ती दुसरी माझ्या माहेरच्या गावची. तिचं कर्ज थकलंय हे तिच्या घरातसुद्धा सगळ्यांना माहीत नसेल. ते आता गटातल्या दीडशे लोकांना कळलं होतं, आणि त्यांनी पुढं पाठवलं असेल त्यांना.

मी गटावर लिहिलं, ‘सर, यादीतून आधार आणि खाते क्रमांक काढून पुन्हा टाकता का?’ कुणीतरी अंगठा दाखवला. एकानं लिहिलं, ‘सगळ्यांचीच आहे की ताई यादीत.’ यादी तशीच राहिली. व्हॉट्सअॅपवर टाकलेला मेसेज सगळ्यांच्या फोनांतून काढायला साधारण अडीच दिवसांची मुदत असते. शनिवार-रविवार गेले आणि ती मुदतही गेली.

सोमवारी, २० तारखेला, पहिला फोन आला. ‘मॅडम, तुमची फाईल मंजुरीला आहे, जीएसटी भरायचा राहिलाय.’ त्यानं माझं पूर्ण नाव, गाव, बँक आणि खात्याचे शेवटचे चार आकडे सांगितले. मागणीची रक्कमही बरोबर सांगितली. यादी बघितली नसती तर मीसुद्धा विश्वास ठेवला असता. फोन ठेवला आणि लगेच गटावर इशारा टाकला, पण तोवर उशीर झाला होता. आमच्या शेजारच्या गावातल्या एका मावशींनी ४,८०० रुपये पाठवून दिले होते.

त्या दुसऱ्या दिवशी घरी आल्या. उंबऱ्यातच बसल्या. ‘पोरी, माझा खाता नंबर त्यानं घडाघडा सांगितला की. सायबच वाटला मला.’ त्यांचं म्हणणं खरं होतं. नुसत्या खाते क्रमांकावर कुणी पैसे काढू शकत नाही, पण समोरचा माणूस आपली माहिती बिनचूक सांगतो तेव्हा तो सरकारी माणूस वाटतो. आम्ही १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावला आणि तक्रारीचा क्रमांक घेतला. हा फोन जितका लवकर कराल तितकी पैसे पुढच्या खात्यात गोठवले जाण्याची शक्यता जास्त. एक दिवस उलटून गेला होता. ते पैसे आजही परत आलेले नाहीत.

त्या रात्री मी माझं, सासूबाईंचं आणि मावशींचं आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं. एम-आधार अॅपवरून झालं, पैसे लागले नाहीत. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा एवढ्यावर गावातल्या छोट्या मशीनवरून पैसे काढता येतात, म्हणून आधार आणि बँक एकाच ओळीत छापणं जास्त धोक्याचं. लॉक केल्यावर रेशन दुकानात किंवा सेवा केंद्रात अंगठा चालत नाही. तेवढ्यापुरतं अनलॉक करायचं. सासूबाईंना रेशनला दोनदा परत यावं लागलं. हे आधी माहीत असलेलं बरं. आधार कुठं कुठं वापरलं गेलं याचा मागच्या सहा महिन्यांचा इतिहासही आधारच्या संकेतस्थळावर बघता येतो. आमच्या तिघींच्या इतिहासात वेडंवाकडं काही नव्हतं.

आता तक्रार करायची होती, आणि भीती वाटत होती, हे स्पष्ट लिहिते. हे म्हणाले, ‘फाईल अजून बँकेत गेली नाही. आत्ता कागद दिलास तर अनुदान अडकवतील.’ माझ्याही मनात तेच होतं. दोन रात्री विचार केला. मावशींचा उंबऱ्यावरचा चेहरा डोळ्यांपुढून जात नव्हता. शेवटी २३ जानेवारीला केएमटीच्या बसनं शहरात जाऊन पत्र दिलं. पत्रात कुणाच्या नावानं आरोप केला नाही. तीन गोष्टी मागितल्या: यादी काढून घ्यावी, नवीन यादी नाव-गाव-रकमेपुरतीच असावी, आणि आमचे क्रमांक बाहेर गेले आहेत हे सगळ्या अर्जदारांना लेखी कळवावं. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. शिक्क्याशिवाय परत येऊ नका. तोंडी ‘बघतो’ म्हणाले तर पुढं दाखवायला हातात काही राहत नाही.

लिपिक वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, ‘ताई, यादी लावायलाच लागते. माहिती अधिकारात आहे ते.’ त्याचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ (१) (ख) मधल्या बाराव्या बाबीत अनुदान कार्यक्रमांची रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील स्वतःहून प्रसिद्ध करायला सांगितलं आहे. आणि ते हवंच. एकाच घरात तीन अनुदानं गेली तर गावाला कळायला पाहिजे. मी स्वतः मागच्या वर्षी अशीच यादी बघून या योजनेत कुणाला मशीन मिळालं ते शोधलं होतं आणि त्यांच्याकडे जाऊन सल्ला घेतला होता. पण त्यासाठी नाव, गाव, मशीन आणि रक्कम पुरते. आधार कायद्याच्या, म्हणजे २०१६ च्या अधिनियमाच्या, कलम २९ (४) मध्ये आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करायला, लावायला मनाई आहे. २०१७ मध्ये बऱ्याच सरकारी संकेतस्थळांवर लाभार्थ्यांच्या याद्यांत आधार क्रमांक उघडे पडल्याचं देशभर गाजलं होतं. त्याच वर्षी २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. अनुदान मागायला गेलेल्या माणसालाही तो हक्क आहे.

पत्राला उत्तर आलं नाही. १० फेब्रुवारीला माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. महाराष्ट्राच्या नियमानुसार अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. माझा पहिला मसुदा तीन पानांचा झाला होता. रागाचा सगळा भाग काढला तेव्हा बसला. आणि ‘का केलं?’ असं विचारू नका. माहिती म्हणजे कार्यालयात असलेला कागद, म्हणून कागदच मागायचा. मी मागितलं: यादी गटावर टाकण्यास मंजुरी देणारी टिपणी, अर्जदारांच्या कागदपत्रांच्या हाताळणीबद्दलची परिपत्रकं, आणि डेटा एंट्रीचं काम ज्या संस्थेला दिलं तिच्याशी झालेल्या कराराची प्रत.

दरम्यान १४ फेब्रुवारीला माझी फाईल बँकेकडे गेली. कुणी अडवली नाही. ही गोष्ट मुद्दाम सांगते, कारण तक्रार न करण्यामागं सगळ्यांच्या मनात हीच भीती असते.

तीस दिवसांची मुदत १२ मार्चला संपली. उत्तर १७ मार्चला हातात पडलं. पहिल्या दोन मुद्द्यांना ‘माहिती निरंक’. म्हणजे यादी टाकायला कुणी लेखी मंजुरी दिलीच नव्हती. तिसऱ्याला ‘त्रयस्थ पक्षाची माहिती असल्याने देता येत नाही’. मार्चअखेरीची घाई सगळीकडे होती, पण मी थांबले नाही. २४ मार्चला पहिलं अपील केलं. त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प लागतो आणि उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांत ते करावं लागतं.

अपिलाला पुरावा म्हणून ती यादी जोडायची होती, आणि तिथं माझ्या लक्षात आलं की तशीच जोडली तर मीच ती पुन्हा पसरवणार. यादीची प्रिंट काढली, आठ पानं. एका संध्याकाळी मी आणि धाकटी मुलगी काळा मार्कर घेऊन बसलो. माझी ओळ सोडून बाकी सगळ्यांचे मोबाईल, आधार, खाते आणि शेरा झाकायचे. ‘विधवा’ या शब्दावर मुलीनं स्वतःच दोनदा मार्कर फिरवला. नऊ वाजता झालं. कागद उचलून दिव्यापुढं धरला तर काळ्या पट्टीतून आकडे दिसत होते. पाठीमागून तर अगदी स्पष्ट. मग दुसऱ्या दिवशी त्या काळ्या केलेल्या पानांची झेरॉक्स काढली, ती दिव्यापुढं धरून पाहिली, आणि तीच जोडली. पहिली पानं चुलीत घातली.

सुनावणी २९ एप्रिलला होती, अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी. चटणीचा भर हंगाम. पहाटे तीनला उठून दोन घाण्यांची मिरची भाजून मी दहा वाजता हजर झाले. अंगाला मिरचीचा वास होता, त्याची लाज वाटत होती. अपिलीय अधिकाऱ्यांनी विचारलं, ‘तुम्हाला नेमकं काय पाहिजे?’ मी आठ पानं पुढं ठेवली. त्यांनी ती चाळली आणि विचारलं, ‘हे काळं कुणी केलं?’ मी म्हटलं, मी केलं साहेब, दुसऱ्यांची माहिती आहे ती. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग माहिती अधिकाऱ्यांना म्हणाले, ‘बाईंना हे घरी बसून जमलं, मग आपल्याला का नाही?’ त्यानंतर चर्चा पंधरा मिनिटांत संपली.

आदेश ६ मेला आला. कराराची प्रत मिळाली, १४ पानं, पानाला दोन रुपये, २८ रुपये भरले. ती प्रत वाचताना खरी गोम कळली. करारात अर्जदारांची माहिती गोपनीय ठेवण्याचं कलम होतं. चांगलं, स्वच्छ लिहिलेलं. पण एंट्री करणारा मुलगा घरच्या लॅपटॉपवर काम करत होता, यादी त्यानं स्वतःच्या फोनवरून टाकली होती, आणि त्या कलमाबद्दल त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सुनावणीच्या दिवशी तो बाहेर बाकावर बसलेला मी पाहिला होता. विशीतला असेल. त्याला शिक्षा व्हावी असं मला तेव्हाही वाटलं नाही, आताही नाही. त्याला काम देताना दोन वाक्यं सांगायला हवी होती.

मे महिन्याच्या शेवटी नवीन यादी लागली. नाव, गाव, मशीनचा प्रकार, रक्कम. खात्याचे फक्त शेवटचे चार आकडे. शेऱ्याचा रकाना नाही. गट बंद झाला, सूचना आता एसएमएसनं येतात. सगळ्यांना लेखी कळवावं ही मागणी मात्र मान्य झाली नाही. एक एसएमएस आला, ‘अनोळखी फोनपासून सावध राहावे’. तो का पाठवला हे त्यात नव्हतं. मला हे अजून खुपतं. ज्यांचं आधार बाहेर गेलं त्यातल्या कितीतरी जणांना ते माहीतच नाही.

मशीन जूनमध्ये बसलं, हंगाम हुकला. अनुदान ऑगस्टमध्ये बँकेत जमा झालं. ते लगेच हातात येत नाही. बँक ते वेगळं ठेवते आणि तीन वर्षं धंदा नीट चालल्यावर कर्जात वळतं होतं.

कायद्यात पुढं जे बदललं ते थोडक्यात लिहिते, कारण विचारणा होते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ चा असला तरी त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि बहुतेक तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. अनुदान, लाभ, दाखले, परवाने देण्यासाठी सरकारला आपली माहिती वापरायला दर वेळी नव्यानं संमती घ्यावी लागणार नाही. एका योजनेसाठी दिलेली माहिती दुसऱ्या योजनेसाठीही वापरता येईल. पण त्याला अटी आहेत: कामापुरतीच माहिती घ्यायची, ती बिनचूक ठेवायची, सुरक्षित ठेवायची, गरज संपली की ठेवायची नाही, आणि विचारणा कुणाकडे करायची ते सांगायचं. माझ्या १७ जानेवारीच्या यादीला यातली माहिती सुरक्षित ठेवायची एक अट लावली असती तरी ती गटावर आलीच नसती.

एका गोष्टीची मला काळजी वाटते. याच कायद्यानं माहिती अधिकाराचं कलम ८ (१) (ञ) बदललं आहे आणि तो बदल लागू झाला आहे. आता ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार देणं सोपं झालं आहे. व्यापक जनहित असेल तर माहिती देण्याची वाट कलम ८ (२) मध्ये अजून आहे, ती अपिलात जरूर लिहा. माझ्या तक्रारीचा अर्थ ‘लाभार्थ्यांची नावंच दाखवू नका’ असा कुणी लावला तर मला ते मान्य नाही. नावं आणि रकमा भिंतीवर लागू द्यात. आधार, खातं आणि माणसाच्या दुःखाचा शेरा फाईलच्या आत राहू द्या.

आता मी प्रत्येक झेरॉक्सवर आडवं लिहिते: कोणत्या योजनेसाठी, तारीख, सही. अक्षर मजकुरावर गेलं तरी चालतं, पण फोटो आणि क्रमांक वाचता आले पाहिजेत, नाहीतर परत पाठवतात. जिथं आधारची नुसती प्रत हवी असते तिथं मास्क केलेलं आधार देते. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि ते संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतं. खिडकीवर कधी घेतात, कधी नाही. नाही घेतलं तर कुठल्या नियमानं ते नम्रपणे विचारते. दोनदा नुसतं विचारल्यावर घेतलं.

सगळा खर्च धरला, प्रवास, स्टॅम्प, झेरॉक्स, प्रिंट, तर सहाशे रुपयांच्या आत बसला. खेपा सात झाल्या.

एक काम राहिलं आहे. माझ्या माहेरच्या गावची ती बाई, जिच्यापुढं ‘सिबिल कमी’ होतं, तिला अनुदान मिळालं नाही. तिची कागदं मात्र त्या कार्यालयातच आहेत: आधार, स्टेटमेंट, सगळं. नामंजूर अर्जांची कागदं किती दिवस ठेवतात आणि मग त्यांचं काय करतात, हे विचारणारं पत्र तिनं ५ जानेवारी २०२६ ला दिलं. मी बरोबर गेले होते. लिखाण तिचंच आहे, मी फक्त आवक क्रमांक घ्यायची आठवण केली. उत्तर अजून आलेलं नाही.